पॉड आठ, पण राबतायत चारच

लॅग, म्हणजे वाचायचे राहिलेले मेसेज, वाढला की पॉड, म्हणजे सर्व्हिसच्या चालू प्रती, वाढवा, हे आमच्याकडे सगळ्यांच्या डोक्यात फिट बसलंय, आणि मेसेज नुसते वाचून पुढे जाणाऱ्या साध्या कन्झ्युमरला ते चालतंही. पण आमची फ्रॉड चेकची सर्व्हिस काफ्का स्ट्रीम्सवर आहे (काफ्का ही मेसेजची रांग, आणि स्ट्रीम्स ही त्यावर हिशेब ठेवत काम करणारी लायब्ररी), म्हणजे प्रत्येक पार्टिशनबरोबर, म्हणजे टॉपिक नावाच्या रांगेच्या एका तुकड्याबरोबर, त्यातल्या ग्राहकांचा मागचा हिशेब पॉडच्या लोकल डिस्कवर, रॉक्सडीबी या डेटाबेसमध्ये पडलेला असतो. दसऱ्याच्या सेलला संध्याकाळी लॅग चढायला लागला तसे कुणीतरी चाराचे आठ पॉड केले आणि सगळे डॅशबोर्डकडे बघत बसले. लॅग चढतोच आहे! जुने चार पॉड सीपीयू शंभर टक्क्यांवर, नवे चार निवांत, लॉगमध्ये एकही एरर नाही.

टीममधली ज्युनिअर म्हणाली, "अरे, हे नवे अडकलेत बहुतेक, डिलीट करून परत आणू का?" म्हटलं थांब, हात लावू नकोस.

कारण ते अडकले नव्हतेच. काफ्का २.६ पासून असाइनर, म्हणजे पार्टिशन वाटणारा भाग, आधी बघतो की कुणाच्या डिस्कवर स्टेट, म्हणजे तो मागचा हिशेब, तयार आहे, आणि काम त्यालाच देतो. नव्या पॉडला आधी नुसती कॉपी भरायला लावतो, हिशेबातल्या बदलांची नोंद असलेला चेंजलॉग टॉपिक वाचून, आणि अंतर दहा हजार रेकॉर्डच्या आत आलं की मगच पार्टिशन त्याच्या हवाली. पूर्वी पार्टिशन लगेच नव्याकडे जायचं आणि स्टेट भरून होईपर्यंत ठप्प, त्यामानाने हे शहाणपणाचंच आहे. फक्त डिफॉल्ट असं की एकावेळी अख्ख्या ॲपमध्ये दोनच वॉर्मअप, म्हणजे अशा भरत असलेल्या कॉपी, आणि झालं का हे बघणारा रीबॅलन्स, म्हणजे पार्टिशनची फेरवाटणी, दर 10 मिनिटांनी. आमची पार्टिशन 24, त्यातली 12 हलायची, म्हणजे सहा फेऱ्या, सगळं सुरळीत गेलं तरी तासभर.

मॅनेजर कॉलवर म्हणे मग वाढवा ना तो दोनचा आकडा. वाढवला असता, पण कॉन्फिग बदलायचं तर जुने पॉड रीस्टार्ट करायला लागणार, ते साध्या डिप्लॉयमेंटमध्ये एम्प्टीडिर या तात्पुरत्या डिस्कवर, पॉड गेला की डिस्कही गेली, मग जे चार राबतायत तेही रिकामे. पार्टिशन वाढवणं तर विसराच, कीच्या हॅशवरून ठरणारं पार्टिशनच बदलतं, मग ग्राहकाचा जुना हिशेब एका पार्टिशनमध्ये आणि नवे इव्हेंट दुसरीकडे. शेवटी जुना डेटा भरणारा एक बॅकफिलचा जॉब त्याच टॉपिकवर लिहीत होता तो बंद केला आणि वाट बघितली, कॉलवर कुणाला पटत नव्हतं की सध्या करण्यासारखं काही नाहीये. नव्या पॉडना दोन-दोन करत कामं मिळत गेली आणि लॅग उतरला.

नंतर सर्व्हिस स्टेटफुलसेटवर नेली, जिथे प्रत्येक पॉडची ओळख ठरलेली राहते, पर्सिस्टंट व्हॉल्यूम, म्हणजे पॉड गेला तरी टिकणाऱ्या डिस्क, दिले, प्रत्येक पॉडला ठरलेला ग्रुप इन्स्टन्स आयडी दिला, म्हणजे पॉड सेशन टाइमआउटच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या, आत परत आला तर रीबॅलन्सच होत नाही. वॉर्मअपचा आकडाही वाढवला. स्टँडबाय रेप्लिका, म्हणजे दुसऱ्या पॉडवर कायम तयार ठेवलेल्या हिशेबाच्या कॉपी, डिफॉल्टला शून्य असतात, त्या एक केल्या. त्याने डिस्क जवळपास दुप्पट लागते, त्यावरून फायनान्सशी वाद अजून चालूच आहे.