मार्चअखेर, हळदीचं दुकान आणि मरायला टेकलेली डिस्क

‘कॉम्प्युटर लई स्लो झालाय, एसएसडी टाकून द्या. संध्याकाळपर्यंत पाहिजे.’ सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानातून ऐन मार्चमध्ये माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात असा निरोप आला. एसएसडी म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणारी वेगवान डिस्क. सौदे जोरात, वर्षअखेर तोंडावर आणि हिशेबाच्या टॅलीत एक एंट्री सेव्ह व्हायला पाऊण मिनिट.

मशीन तिसऱ्या पिढीच्या आय३ची. एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची ७२०० आरपीएम हार्ड डिस्क, विंडोज १०. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली. हे जुन्या मशीनवर नेहमीचंच. खरी गोम त्याच्या शेजारच्या रिस्पॉन्स टाइममध्ये होती. तो हजारो मिलिसेकंदांवर गेलेला. नुसती थकलेली डिस्क इतकी अडखळत नाही, ही सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे) वाचताना धापा टाकत होती.

डिस्कची तब्येत कोडवार आकड्यांत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावलं. सी५, म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल लागायचे राहिलेले सेक्टर, तिथे १बी८. हे आकडे हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाचे) असतात. १बी८ म्हणजे ४४०. ०५ वरही आकडा होता, म्हणजे काही सेक्टर आधीच बदलले गेले होते. सी७, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका, मात्र शून्य. तो वाढलेला असता तर आधी डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल बदलून पाहिली असती.

आता काम एसएसडी बसवण्याचं उरलं नव्हतं, डेटा वाचवण्याचं झालं होतं. दिवाणजींना कुणीतरी ‘चेकडिस्क चालवा, नीट होईल’ असं सांगून ठेवलं होतं. अशा डिस्कवर ते अजिबात करू नये. चेकडिस्क फाइल सिस्टिम दुरुस्त करतं, डिस्क नाही. खराब सेक्टरवर ते डोकं आपटत बसतं, दुरुस्तीच्या नावाखाली फायलींचे तुकडे करतं आणि हे सगळं मूळ प्रतीवरच लिहितं. बॅकअपचं विचारलं तर दिवाणजी ठामपणे म्हणाले, ‘रोज होतोय की. डी ड्राइव्हवर.’ त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर!

मशीन बंद केली. कॅबिनेट उघडलं तर हीट सिंकच्या पात्यांमध्ये हळदीचा पिवळा थर, बोटाने सोलून निघेल इतका जाड. हार्ड डिस्कच्या श्वासाच्या भोकाभोवतीही पिवळं कडं होतं. त्या भोकाला आतून फिल्टर असतो, त्यामुळे डिस्क हळदीनेच गेली असं म्हणायला आधार नाही. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवलं. ते मोकळं फिरू दिलं की बेअरिंग खराब होतं.

एसएसडी घेताना साइजला जपावं लागतं. ५०० जीबीच्या डिस्कवर ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात. ४८० जीबीची एसएसडी त्याहून लहान. धडधाकट डिस्क असेल तर पार्टिशन श्रिंक (लहान) करून भागतं, पण श्रिंक म्हणजे फायली हलवणं, आणि इथे डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नव्हतं. म्हणून ५१२ जीबीची २.५ इंची साटा एसएसडी आणली. त्याहून वेगवान एनव्हीएमई एसएसडीचा प्रश्नच नव्हता, तिला लागणारा एम.२ स्लॉटच या बोर्डवर नाही.

दोन्ही डिस्क माझ्या दुकानातल्या मशीनला सरळ साटा पोर्टवर लावल्या. यूएसबी केसिंगमधून हे काम करू नये, खराब सेक्टर आला की ते मध्येच डिस्कनेक्ट होतं. लिनक्स पेन ड्राइव्हवरून सुरू केली आणि खराब डिस्कची प्रत काढणारं डीडीरेस्क्यू लावलं. कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी, हे मॉडेल आणि सिरियल नंबर वाचूनच ठरवायचं. इथे उलटं झालं तर कोरी एसएसडी जुन्या डिस्कवर उमटते आणि विषय संपतो. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते उचलायचं, अडलं की पुढे उडी मारायची. कुठवर वाचून झालं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवायची, म्हणजे लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे चालू होतं. चांगला भाग दीड-दोन तासांत उतरला, उरलेला चिवट भाग रात्रभर चालला. डिस्कवर छोटा पंखा सोडलेला होता.

सकाळी काही सेक्टर न वाचता राहिलेच. ते कोणत्या फायलीत आहेत हे कळायला डीडीरेस्क्यूचा फिल मोड कामाला येतो. न वाचलेल्या जागी एखादा ठरावीक शब्द भरायचा आणि मग सगळ्या फायलींत तो शोधायचा. बहुतेक ठिकाणं विंडोज अपडेटच्या जुन्या फायलींत निघाली. एक मात्र टॅलीच्या कंपनी फोल्डरमध्येच. डी ड्राइव्हवरचा बॅकअप त्याच डिस्कवर असला तरी त्याचे सेक्टर शाबूत होते, तो रिस्टोअर केला. दोन दिवसांच्या एंट्री कमी पडल्या, त्या दिवाणजींनी कागदी पट्ट्यांवरून पुन्हा केल्या. चेकडिस्क चालवलं, पण नव्या प्रतीवर.

एसएसडी बसवताना हार्ड डिस्कचे जाड स्क्रू वापरू नयेत, आटे जातात. २.५ इंचीला एम३ लागतात. पॉवरसाठी जुन्या मोलेक्स जोडणीवरून साटा करणारे स्वस्त मोल्डेड कन्व्हर्टर टाळावेत, ते आत वितळून पेट घेऊ शकतात. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली नको. दोघींची डिस्क सही (ओळख क्रमांक) एकच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन करतं.

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, साटा मोड जुना आयडीई होता. तो नुसता एएचसीआय, म्हणजे एसएसडीला सोयीचा नवा मोड, केला तर निळा स्क्रीन ठरलेला. आधी एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावायचं, मग बायोस बदलायचं, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्यायचं आणि सेफ बूट काढायचं. डीडीरेस्क्यूने रिकामे सेक्टरही एसएसडीवर लिहिलेले असतात, म्हणून ऑप्टिमाइझ ड्राइव्हमधून एकदा ट्रिम दिलं, म्हणजे कोणत्या जागा रिकाम्या हे एसएसडीला कळतं.

मालकांनी स्पीड टेस्ट बघितली. ‘बॉक्सवर सेकंदाला ५५० एमबी लिहिलंय, इथं २७०च दिसतंय?’ एच६१ला साटा ३ गिगाबिटचीच आहे, त्यावर एवढंच निघतं. पण टॅलीला तो आकडा फारसा लागत नाही. ७२०० आरपीएमच्या चकतीला एक फेरा मारायला ८.३ मिलिसेकंद लागतात, सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट आणि हेड सरकायचा वेळ धरला तर सेकंदाला ७०-८० ठिकाणंच वाचून होतात. एसएसडी त्याच सेकंदात हजारो वाचते. रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी ४ जीबी रॅम टाकली आणि एंट्री क्षणात सेव्ह व्हायला लागली.

विंडोजचं ॲक्टिव्हेशन बोर्ड तोच असल्याने टिकलं. टॅली मात्र लायसन्स न ओळखता एज्युकेशनल मोडमध्ये उघडलं. अनलॉक की नोंदवलेल्या ई-मेलवर येते, आणि तो ई-मेल काम सोडून गेलेल्या मुलाने काढलेला. सगळ्यात जास्त फोनाफोनी त्या पासवर्डसाठी झाली.

हा खर्च वर्षअखेर निभावण्यापुरताच, हेही मालकांना सांगितलं. या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय. जुनी डिस्क फॉरमॅट न करता, लेबल लावून त्यांच्याच तिजोरीत ठेवली, ऑडिट होईपर्यंत. बॅकअप डी ड्राइव्हवरून काढून दोन पेन ड्राइव्हवर वळवला. एक दुकानात, एक मालकांच्या घरी, आणि दर शनिवारी अदलाबदल.