"दादा, खरंच दिसला नाहीत हो"
आज ताम्हिणीत दाट धुकं. अंगात काळा रेनकोट, बाइकही काळी. वळणावर समोरच्या ट्रकने ओव्हरटेक मारला तो थेट माझ्या अंगावर. कसाबसा कडेच्या खडीत उतरलो. ड्रायव्हर धावत आला, हात थरथरत होते त्याचे. म्हणाला, "दादा, खरंच दिसला नाहीत हो." माझा राग तिथेच विरला.

एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या बाइकचा हेडलाइट इंजिनासोबत आपोआप लागतो. माझी २०१४ची, तिला बटण आहे. दिवसा ते मी कधी दाबलंच नव्हतं! जुन्या गाडीवाल्यांनो, प्लीज दाबा.

येताना पिवळाधमक रेनकोट घेतला, हेल्मेटच्या मागे रिफ्लेक्टिव्ह टेप लावली. रात्री बायकोने अंगणात टॉर्च मारला. पट्टी लख्ख उजळली. ती बराच वेळ टॉर्च धरून उभी होती.