थेरपीचा नंदी
आज नागपुरात बर्डीवर लेकासाठी खेळणं बघत होते. दुकानदाराने आधी लुकलुकणारी, गाणारी गाडीच काढली. पोट्ट्याने लगेच कानांवर हात ठेवले. मग दुकानदार विचारतो, ‘वय काय?’ खोक्यावरचं वय आमच्या काय कामाचं जी! त्याला सध्या काय जमतं, ते विचारा ना.

शेवटी तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी घेतला. चाकांचा, चांगला जड. वस्तू चाटतो म्हणून बिनरंगाचा. ऑक्युपेशनल थेरपीवाल्या, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून सराव घेणाऱ्या, ताई सांगतात, वजन ओढलं की स्नायूंना, सांध्यांना काम मिळतं. बरीच मुलं त्याने शांतही होतात. दोरी धरायला मूठ, वळवायला दोन्ही हात. बोटांच्या पकडीसाठी घरचे कपड्यांचे चिमटे आहेतच.

सासूबाई म्हणाल्या, ‘पोळ्याआधीच काढला का गं?’ तोवर स्वारी स्वयंपाकघरात पोचली होती, नंदीसकट.