जुन्या गाडीने दोन दिवस पावसात: वायपर आणि वायरिंगची नोंद

एकूण अंतर 430 किलोमीटर, त्यातलं निम्म्याहून जास्त सलग पावसात. गाडी वीस वर्षांपुढची, पेट्रोल, साधी 12 व्होल्टची वायरिंग. वायपर हळू, जलद आणि थांबून-थांबून अशा तीन प्रकारे चालणारा. या प्रवासात वायपर तीनदा अडला आणि तिन्ही वेळा वायपरची मोटार शाबूत होती. जुन्या गाड्यांत हे नेहमीचं आहे. वायपर मंदावला की मोटार बदलली जाते आणि खरा दोष मागे तसाच राहतो.

निघायच्या आदल्या रात्री बॅटरी 12.6 व्होल्ट होती, इंजिन चालू केल्यावर 14.1. दोन्ही आकडे निर्दोष, पण लोड नसताना घेतलेले. खरी परीक्षा अशी घ्यावी: इंजिन आयडलिंगला ठेवून हेडलाइट, ब्लोअर पूर्ण वेगात, मागच्या काचेचा हीटर आणि ओल्या काचेवर वायपर, सगळं एकदम लावायचं. दोन हेडलाइट मिळून साधारण 9 अँपिअर खातात, वायपर 3 ते 5, ब्लोअर आणि काचेचा हीटर प्रत्येकी दहाच्या पुढे जाऊ शकतात. बेरीज चाळिशीच्या आसपास जाते आणि जुना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज देणारा जनरेटर, आयडलिंगला तेवढं देत नाही. या गाडीत व्होल्टेज 12.3 वर उतरलं, म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी रिकामी होत होती. बेल्ट ढिला निघाला. तो ताणल्यावर 13.2 मिळाले. बेल्ट ओला झाला की आणखी घसरतो, म्हणून हे काम कोरड्यात उरकावं.

पहिला बिघाड 70 किलोमीटरवर आला. वायपर रेंगाळू लागला, हेडलाइट लावल्यावर आणखी मंद झाला, आणि इंडिकेटर दिला की त्याच्या तालावर हिसके देऊ लागला. एक उपकरण लावल्यावर दुसरं बदलत असेल तर आधी अर्थिंगकडे, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परतण्याच्या जोडाकडे, जावं. दोन-तीन उपकरणांचा परतीचा करंट एकाच बोल्टमधून बॉडीत उतरतो. तो बोल्ट गंजला की सगळी मिळून त्या अरुंद वाटेवर भांडतात.

तपासणी दोन मिनिटांची आहे. वायपर चालू ठेवून मल्टिमीटरची एक टोची वायपरच्या मोटारीच्या धातूच्या खोक्यावर, दुसरी थेट बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर. तिथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. इथे 1.9 दिसले. तशीच तपासणी धन बाजूचीही करावी: बॅटरीचं धन टर्मिनल आणि मोटारीच्या प्लगमधली धन वायर यांच्यात अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, त्यापुढे फ्यूजची खाच, स्विच किंवा एखादा जॉइंट तापतोय असं समजावं. वायपर चालू असताना मोजणं यातलं सगळ्यात महत्त्वाचं. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे वायरचा एकच तार शिल्लक असला तरी प्लग काढून मोजल्यावर तो 12 व्होल्ट दाखवतो, आणि दोष नाही असं वाटून माणूस मोटार विकत घेतो.

दुरुस्ती अशी: बॅटरीची ऋण केबल सोडून अर्थिंगचा बोल्ट काढला, रिंग आणि खालचा पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासले, दातेरी वॉशर घालून आवळलं, आणि ग्रीस शेवटी, आवळल्यानंतर, वरून लावलं. फरक 0.1 व्होल्टवर आला आणि वायपर पूर्वीसारखा पळू लागला.

अर्थिंग चांगलं असूनही वायपर मंद असेल तर स्पिंडल, म्हणजे आर्म ज्यावर फिरतो तो दांडा, जाम झाल्याची शक्यता मोठी. मोटारीचा क्रँक (तिचं फिरणं आर्मकडे पोचवणारी आखूड पट्टी) सुटा करून दोन्ही आर्म हाताने फिरवून बघावेत. जड लागले तर स्पिंडल काढून, साफ करून, ग्रीस भरावं. वरून फवारलेलं पातळ तेल आठवडाभर पुरतं, नंतर पुन्हा तेच. क्रँक काढण्याआधी त्याच्या जागेवर आणि आर्मची जागा दाखवायला काचेवर चिकटपट्टीची खूण करावी, नाहीतर वायपर भलत्याच जागी विसावेल.

दुसरा बिघाड घाटाच्या पायथ्याशी. स्विच बंद केला की वायपर काचेच्या मध्येच थांबे, आणि थांबून-थांबून चालवला तर जेमतेम वीतभर सरके. मोटारीच्या गिअरच्या झाकणाखाली एक पार्किंग स्विच असतो. तुम्ही बंद केल्यावरही आर्म खाली येईपर्यंत तो मोटारीला करंट देत राहतो, आणि खाली आल्यावर तीच वायर अर्थिंगला जोडून मोटारीला ब्रेक लावतो. थांबून-थांबून चालवताना रिले (करंट आपोआप चालू-बंद करणारा छोटा स्विच) फक्त एक धक्का देतो, उरलेला फेरा हा स्विचच पूर्ण करतो. म्हणून दोन्ही लक्षणं एकाच दोषाची. उलट वायपर खाली येऊनही न थांबता पुढे जात असेल तर ब्रेकचा कॉन्टॅक्ट खराब. आणि बंद केल्यावर वायपर नीट खाली येतो, हळू-जलदही चालतो, फक्त थांबून-थांबून चालत नाही, तर रिले बघावा.

रस्त्यावर झाकण उघडू नये. आर्म खाली आल्याच्या क्षणी स्विच बंद करत पुढे जाता येतं. मुक्कामी झाकण उघडल्यावर आत काळं घट्ट ग्रीस आणि पितळी पट्ट्यांवर राख दिसली. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून, पट्टी किंचित वर वाकवून, ग्रीस फक्त दात्यांना लावलं.

तिसरा बिघाड परतीच्या वाटेवर: मोटारीचा आवाज येतोय, चालकाच्या बाजूचा आर्म निपचित. आधी आर्मचा नट बघावा, बहुधा 10 किंवा 13 च्या पान्याचा असतो. तो ढिला राहिला की आर्मचे मऊ दाते झिजतात. इथे नट घट्ट होता, मोटारीचा जोर आर्मपर्यंत नेणाऱ्या कांडीच्या जॉइंटची नायलॉन बुश झिजून ती कांडी निसटली होती. ती परत बसवून केबल टायने आडवी-उभी बांधली आणि बाकीचा प्रवास फक्त हळू गतीवर केला. जलद गतीला असा बांधलेला जॉइंट टिकत नाही. कांड्यांमध्ये हात घालण्याआधी वायपरचा फ्यूज काढा. मध्येच थांबलेला वायपर, स्विच बंद असला तरी, चावी फिरवताच खाली येण्यासाठी धावतो आणि त्याची ताकद बोट चिरडण्याइतकी असते.

फ्यूज वारंवार जात असेल तर मोटारीचा प्लग काढून नवा फ्यूज लावावा. तरीही लगेच गेला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. मोटार जोडल्यावर काही मिनिटांनी जात असेल तर स्पिंडल किंवा कांड्या जड आहेत. मोठा फ्यूज कधीही लावू नये, कारण मग फ्यूजच्या जागी वायर जळते आणि ती डॅशबोर्डच्या आत असते.

सोबत काय ठेवावं: मल्टिमीटर, 10, 15 आणि 20 अँपिअरचे प्रत्येकी दोन फ्यूज, एक जादा रिले, एक बुश, केबल टाय, पॉलिश पेपर, 10 आणि 13 चे सॉकेट. शिवाय 2.5 चौरस मिलिमीटरची तीन मीटर वायर, टोकाला क्लिप आणि मध्ये 15 अँपिअरचा फ्यूज. स्विच किंवा रिले मेला तर मोटारीचा प्लग पूर्ण काढून हीच वायर बॅटरीच्या धन टर्मिनलपासून हळू गतीच्या पिनेला देता येते. अर्थिंग बॉडीतून नसेल तर त्याच्या पिनेला वेगळी वायर लागेल. प्लग न काढता जोडली तर करंट उलटा स्विचमध्ये शिरतो. कोणती पिन हळू गतीची, हे घरी असतानाच शोधून प्लगवर रंगाचा ठिपका द्यावा.

काचेखालच्या जाळीतली पानं काढून पाणी निचरायची भोकं मोकळी करायला दहा मिनिटं लागतात. ती तुंबली की मोटार पाण्यात बसते आणि तेच पाणी अनेक गाड्यांत फ्यूज बॉक्सकडे किंवा पायाखालच्या गालिच्यात उतरतं. कनेक्टरमध्ये हिरवट बुरशीसारखं दिसलं तर पाणी वायरवरून ओघळत आत आलं आहे. वायर कनेक्टरच्या आधी थोडी खाली झोल देऊन बांधली की थेंब झोलाच्या तळाशी गळून जातात.