चाळीस टक्क्यांच्या पुढची पात्रता

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हातात आलं की पेन्शन, प्रवासातली सवलत, नोकरीतलं आरक्षण सगळं आपोआप सुरू होईल, असा समज घरोघरी आढळतो. तसं होत नाही. दिव्यांगत्व कोणतं आणि किती, एवढंच प्रमाणपत्र सांगतं. लाभ द्यायचा की नाही, हे प्रत्येक योजना आपापल्या अटी लावून ठरवते. वय, कुटुंबाचं उत्पन्न, राज्यातलं वास्तव्य, दिव्यांगत्वाचा प्रकार अशा या अटी असतात. म्हणून अर्ज भरण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करून बघाव्यात: आपली टक्केवारी बरोबर निघाली आहे का, आणि त्या टक्केवारीवर नेमकं काय मिळतं.

आधी टक्केवारी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. अस्थिव्यंग, अंधत्व, कर्णबधिरता यांच्या जोडीला सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार हेही त्यात येतात. सिकलसेलचा रुग्ण घरात असून त्याला कधी तपासणीलाच नेलं नाही, असं होऊ देऊ नका.

बहुतेक लाभांचा उंबरठा ४० टक्के आहे आणि गैरसमजही याच आकड्याभोवती आहेत. एका डोळ्याने अजिबात दिसत नाही, पण दुसरा डोळा चांगला आहे, तर दिव्यांगत्व ३० टक्के धरलं जातं. नजर मोजतात ती चष्म्यासह, आणि टक्केवारी ठरते ती दोन्ही डोळ्यांची मिळून. ऐकण्याच्या बाबतीत कायद्याची व्याख्याच दोन्ही कानांची आहे: दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट हवी. एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा ठणठणीत, तर माणूस त्या व्याख्येत बसत नाही. कितीही अन्यायकारक वाटलं तरी हे आधी माहीत असलेलं बरं.

दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर आकड्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा आधी घेतात. ९० मधून तो वजा करून जे उरतं, त्याला लहान आकड्याने गुणतात, ९० ने भागतात आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवतात. समजा एका डोळ्याचे ३० टक्के आणि पायाचे १० टक्के आहेत. बेरीज ४० होते, पण सूत्राने ३० अधिक ६.६७, म्हणजे जवळपास ३७ टक्केच येतात. "डॉक्टरांनी तीन टक्के कापले" ही तक्रार बरेचदा या गणितातून येते. मात्र दोन्ही व्यंगांची नोंद झाली आहे का, हे जरूर तपासा. पायाच्या तपासणीला गेलेल्या माणसाचे कान कोणी आपणहून तपासत नाही.

वेळही महत्त्वाची आहे. पक्षाघातानंतर सहा महिने झाल्याशिवाय मोजणी करत नाहीत, कारण तोवर सुधारणा होत असते. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळतं, मग १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. लहान मुलांच्या बौद्धिक अक्षमतेत प्रमाणपत्र आधी तात्पुरतं असतं. प्रमाणपत्रावरची मुदत बघून ठेवा आणि ती संपायच्या दोन-तीन महिने आधीच नूतनीकरणाला लागा. मुदत संपली की त्यावर मिळणारा लाभही अडकतो, आणि तो पुन्हा सुरू करायला जास्त वेळ जातो.

अर्ज स्वावलंबन कार्डच्या सरकारी पोर्टलवर, म्हणजे युडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, करायचा. राहत्या जिल्ह्यातलं किंवा उपचार सुरू आहेत तिथलं सरकारी रुग्णालय निवडता येतं. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो, पण तपासणीच्या दिवशी उपयोगी पडतात ते उपचारांचे जुने कागद: डिस्चार्ज कार्ड, ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख), एमआरआय, रक्ताचे रिपोर्ट, मानसोपचाराच्या चिठ्ठ्या. मानसिक आजारात तर कागद नसतील तर एका भेटीत आजाराचा काळ आणि तीव्रता कशी ठरणार? नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच अक्षर न् अक्षर लिहा. पुढे बँकेत आणि तहसीलमध्ये हाच फरक आडवा येतो. कार्डाच्या रंगावरूनही अंदाज येतो. २०२४ च्या दुरुस्तीनुसार ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० च्या मध्ये पिवळं, ८० आणि त्यापुढे निळं कार्ड मिळतं.

टक्केवारी चुकली असं वाटलं तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. नुसतं "कमी दिले" असं लिहू नका; कोणता अवयव किंवा कोणता रिपोर्ट विचारात घेतला नाही, ते लिहा. अर्ज नाकारला असेल तर कारण लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे, आणि तोंडी नकारावर अपील करणं अवघड असतं.

आता योजना. महाराष्ट्रात सर्वाधिक चौकशी होते ती संजय गांधी निराधार अनुदान योजनेची. त्यासाठी वय १८ ते ६५, दिव्यांगत्व किमान ४० टक्के, राज्यात १५ वर्षं वास्तव्य आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत, अशा अटी आहेत. २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये झालं. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात होतो. बहुसंख्य अर्ज अडतात ते उत्पन्नाच्या अटीवर, कारण इथे उत्पन्न कुटुंबाचं बघतात. मंजुरीनंतरही पैसे अडतात, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे खातं आधारशी जोडलेलं नसणं. केवायसी झाली म्हणजे आधार सीडिंग, म्हणजे ही जोडणी, झाली असं नाही. बँकेत "डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग" असं स्पष्ट विचारा. दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नका.

केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना वेगळी आहे. तिथे ८० टक्के दिव्यांगत्व, दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब आणि १८ ते ७९ हे वय लागतं. केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपयांचा. म्हणजे ५५ टक्क्यांचा माणूस राज्याच्या योजनेत बसतो, केंद्राच्या नाही.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व या चार प्रकारांसाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्राच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, थेरपीचा खर्चही त्यात धरतात आणि उत्पन्नाची मर्यादा नाही. मध्यमवर्गीय पालक "आपल्याला सरकारी काही मिळत नाही" म्हणून हिच्याकडे बघतच नाहीत, याचं फार वाईट वाटतं. नोकरदारांसाठी आयकराचं कलम ८०यूही असंच दुर्लक्षित राहतं: जुन्या करप्रणालीत ४० टक्क्यांपासून ७५,००० आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. दिव्यांग व्यक्ती तुमच्यावर अवलंबून असेल तर ८०डीडी बघा.

रेल्वेचं गणित निराळंच आहे. अस्थिव्यंग प्रवाशाला सवलत मिळते ती सोबतीशिवाय प्रवास करता येत नसेल तर. त्यामुळे ४५ टक्क्यांचं कार्ड असूनही सवलत नाकारली जाऊ शकते.

आणि ४० च्या खाली राहिलेल्यांनी कार्ड फेकून देऊ नये. लिहिण्यात अडचण असलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तसा निकाल दिला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने त्याची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. लिहिण्यात अडचण असल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र मात्र परीक्षेचा अर्ज भरण्याआधीच तयार ठेवावं लागतं, कारण लेखनिकाची मागणी अर्जातच नोंदवायची असते.