साडेसात रियालांचे नाणे

माद्रिदमधील ज्या संग्रहालयात मी जुन्या नाण्यांच्या नोंदी करते, तेथील एका खणातल्या पाकिटावर पूर्वी कोणीतरी ‘बनावट’ असा शेरा लिहून ठेवला होता, आणि त्या दिवशी सकाळी मीही तोच शेरा यादीत उतरवण्याच्या बेतात होते. पोतोसी या आजच्या बोलिव्हियातील, तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या चांदीच्या खाणीच्या गावातील टांकसाळीचे आठ रियालांचे (रियाल हे जुने स्पॅनिश चलन) नाणे सुमारे 27 ग्रॅमचे, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून किंचित जड असते आणि त्यात सुमारे 93 टक्के चांदी असावी लागते. या नाण्याचे वजन जवळपास बरोबर भरले. क्ष-किरण यंत्र मात्र 88 टक्केच चांदी दाखवत होते. जुन्या नाण्याच्या पृष्ठभागातील तांबे आधी झिजते, त्यामुळे आतला कस याहूनही उतरलेला असणार, हे उघड होते. आपल्याकडच्या सराफाने कसोटीवर एक रेघ ओढून हे केव्हाच सांगितले असते.

भिंगाखाली तिरक्या उजेडात नाणे फिरवले, तेव्हा ज्याला मी ठोक्याचा खळगा समजत होते तो गोल चौकटीतला इवलासा मुकुट निघाला. कडेशी टांकसाळीत चांदीचा कस तपासणाऱ्या पारख्याचे ‘ओ’ हे अक्षर अर्धवट उमटले होते. नाणे बनावट नव्हते. राजाच्याच टांकसाळीने पाडलेले ते हिणकस नाणे होते.

1640 च्या दशकात पोतोसीत चांदीचे व्यापारी आणि टांकसाळीचे अधिकारी संगनमताने नाण्यांत तांबे वाढवत होते. पोतोसी तेव्हा पेरूच्या सुभ्यात होते; चौकशीसाठी राजाने पाठवलेला नेस्तारेस मारिन तिथे आला आणि 1650 मध्ये गोमेस दे ला रोचा या धनाढ्य व्यापाऱ्याला देहदंड झाला. पुढच्या, म्हणजे ‘ओ’ अक्षराच्या पारख्याची नाणीही कसाला कमीच उतरली, तेव्हा त्यांवर मुकुट ठोकून त्यांचे मूल्य साडेसात रियाल ठरवण्यात आले. 1652 पासून स्तंभ आणि लाटांचा नवा ठसा सुरू झाला.

रोचाची कथा सगळीकडे सापडते. त्या अर्ध्या रियालाचा भुर्दंड कोणी सोसला, हे मात्र क्वचितच लिहिले जाते. व्हाइसरॉय तोलेदोने 1570 च्या दशकात लावलेल्या मिता या वेठीच्या पद्धतीने दरवर्षी सुमारे 13,000 आदिवासी पुरुषांना गावे सोडून, चार हजार मीटर उंचीवरच्या पोतोसीच्या चांदीच्या डोंगरात राबावे लागे. सरकारी दराने मजुरी दिवसाला साडेतीन-चार रियाल, म्हणजे हे एक नाणे साधारण दोन दिवसांची कमाई. त्यातून चघळायला कोकाची पाने विकत घ्यायची आणि खाणीतल्या मेणबत्त्यांचा खर्चही बहुधा मजुराच्याच माथी येई. मूल्य उतरले त्या दिवशी ज्याच्या मुठीत नाणे, तोटा त्याचा.

संध्याकाळी मी नवे पाकीट घेतले आणि लिहिले: पोतोसी, पारखी ‘ओ’, मुकुटाचा उपठसा, मूळ मूल्य आठ रियाल, नंतर साडेसात. जुने पाकीट फेकले नाही. तेही त्याच खणात, नाण्याच्या मागे ठेवले.