बरोबर कोण?

शनिवारी दुपारी साताऱ्याच्या स्टँडवर सज्जनगडाच्या गाडीत बसले. कंडक्टरने विचारलं, "किती?" म्हटलं, "एक." तिकीट द्यायच्या आधी त्याने माझ्या मागच्या सीटवर एक नजर टाकून घेतली. शेजारच्या मावशींनी सरळच विचारलं, "एकटीच? घरी समदं बरं हाय न्हवं?"

घरी सगळं बरं होतं. भांडण नाही, नवस नाही, कुणाचं बारसं नाही. दोन दिवस कुणाशी न बोलता बसायचं होतं, एवढंच. पण हे कारण आपल्याकडे कारणात धरत नाहीत. नवरा "जा की" म्हणाला, सासूबाई "जा, पण का?" म्हणाल्या, आणि शेजारच्या काकूंनी दशम्या बांधून दिल्या, त्याही चौघांना पुरतील एवढ्या.

आजोबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं, बरं होतं. "गडावर जाऊन येतो" म्हटलं की विषय संपला. देवाच्या कामाला कोण आडवं येणार! खरं तर ते काही फार देवभोळे नव्हते. घरातला दासबोध दासनवमीला फडक्याने पुसला जायचा, तेवढाच. पण मनात आलं की कापडी पिशवीत पंचा, पानाचा डबा आणि बॅटरी टाकून ते निघायचे. येताना अंगारा आणि कंदी पेढे आणायचे. पेढे आल्यावर कोण काय विचारतंय?

एकदा मी हट्टाने बरोबर गेले. समर्थांच्या समाधीचं दर्शन झटपट उरकलं आणि आम्ही गडाच्या पार टोकाला, धाब्याच्या मारुतीपाशी जाऊन बसलो. बसलो म्हणजे बसलोच. तेव्हा धरण नव्हतं, खाली नुसती उरमोडी. वाऱ्याने माझ्या रिबिनी सुटल्या. आजोबांनी गूळ-शेंगदाण्यांची पुडी माझ्या हातात दिली, वहाणा काढून जोडीने कडेला ठेवल्या, पान जमवलं आणि तोंड मिटलं.

"आता काय करायचं?"

"काही नाही."

"मग आलो कशाला?"

ते नुसते हसले. पुढे मला कधी नेलं नाही.

हल्ली शांतता हवी असली की लोक कासला जातात. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा ठरली, त्यात कासही आलं. तेव्हापासून सप्टेंबरातल्या रविवारी तिथे शांततेसाठी रांग लावावी लागते. मी गडाच्या पायथ्याला, परळीत उतरले. मैत्रिणीचं घर तिथे बंदच असतं, किल्ली शेजारच्या आक्कांकडे. किल्ली देताना आक्का म्हणाल्या, "बरोबर कोण?" कुणी नाही म्हटल्यावर त्यांनाच कसंतरी झालं. नको नको म्हणताना रात्री सोबतीला नात धाडली. ती मोबाईलवर रील्स बघत बसली, आवाज मोठा करून.

दुसऱ्या दिवशी गड चढले. मारुतीपाशी बसले. खाली आता धरणाचं पाणी. काही केलं नाही. दुपारी महाप्रसादाच्या पंगतीत बसले. आमटी, भात, गव्हाची खीर. वाढणाऱ्याने फक्त ताटाकडे बघितलं. एवढ्या माणसांत तिथे मात्र कुणी विचारलं नाही, बरोबर कोण.

आजीही गडावर जायची, पण पोरंटोरं, पाहुणे, शिदोरी, पाण्याचा तांब्या असं सगळं घेऊन. दर्शन झालं की वाढायला बसायची आणि आवराआवर झाली की खाली उतरायची. धाब्याच्या मारुतीपर्यंत ती कधी पोहोचली की नाही, कोण जाणे.

हात धुऊन बाहेर आले तर आईचा फोन.

"जेवलीस?"

"हो."

"एकटीच आहेस ना अजून?"

"हो गं."

जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कसं वाटतं गं?"

मी तिला खिरीचंच सांगत बसले.